पावडर न टाकलेलं पाणी

वेळापूर आणि माळशिरसच्या मधल्या उसाच्या पट्ट्यात तळेवस्ती नावाचं लहानसं गाव आहे. त्या गावाला पाणी सोडायचं काम कुंडलिककडं होतं. तळ्याकाठच्या विहिरीवरची मोटर चालू करायची, पाणी हौदात घेऊन तुरटी फिरवायची, गाळ बसला की ते उंच टाकीत चढवायचं, बादलीत ब्लिचिंग पावडर कालवून टाकीत ओतायची आणि मग एकेका आळीचा कॉक फिरवत जायचं. मिसरूड फुटल्यापासून तो हेच करत आला होता. पावडरीनं त्याची बोटं भेगाळून पांढरी पडली होती. सून अपेक्षा त्याला चहा देताना म्हणायची, "मामा, तुमच्या हाताला वास येतोय म्हंजे गावचं पाणी चांगलं हाय."

तळं मात्र पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. चहूबाजूंनी ऊस वाढला. उसाला पोत्यांनी टाकलेलं खत पाटाच्या पाण्याबरोबर वाहत तळ्यात यायला लागलं. घरोघरी संडास-न्हाणी झाली आणि वरच्या आळीची गटार सरळ तळ्यात सोडली गेली. उन्हाळ्यात पाणी आटलं की तळ्यावर शेवाळाची हिरवी साय धरायची. विहिरीत तेच पाझरायचं. नळाच्या पाण्याला वास मारायला लागला की सरपंच धोंडीराम फोन करायचा, "कुंडलिक, पावडर वाढव." आणि कुंडलिक वाढवायचा.

एका उन्हाळ्यात त्याच्या बायकोच्या, सोजरबाईच्या, लघवीतून रक्त जायला लागलं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. मूत्राशयाचा कॅन्सर, पसरलेला. कुंडलिकनं तिला सोलापूरला नेलं. शुक्रवार पेठेत मेव्हण्याच्या घरातल्या मागच्या खोलीत ती पडून असायची. शेवटी शेवटी तिला अन्न जाईना. तो चमच्यानं तोंडात पाणी घालायला लागला की मान फिरवायची.

"हितलं नको. आपल्या गावचं आणा की."

तो एसटीनं गावी जायचा, कॅन भरून आणायचा आणि तिला तेच पाणी पाजायचा. ते पीतच ती गेली.

पुढच्या उन्हाळ्यात निवेदिता गावात आली. सोलापूरच्या एका कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची आणि जिल्ह्यातल्या तळ्यांचं पाणी तपासत फिरायची. टाकीखालच्या लिंबाच्या सावलीत ती बाटल्या भरत होती. कुंडलिकनं तिला बसायला पोतं टाकलं.

"ताई, एवढं काय बघताय त्यात?"

"काका, खत आणि गटारीच्या पाण्यावर हे शेवाळ पोसतं. ते मेलं, कुजलं की त्याचा अंश पाण्यात विरघळतो. तुरटीनं तो सगळा खाली बसत नाही. त्यावर क्लोरीन पडलं की दोन्ही मिळून नवीन रसायनं तयार होतात. शेवाळ जास्त, पावडर जास्त, की तीही जास्त."

"वाईट असत्यात ती?"

"वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात पोटात गेली तर काही अभ्यासांत मूत्राशयाच्या कॅन्सरशी संबंध दिसलाय. अजून नक्की असं..."

पुढचं कुंडलिकच्या कानावर पडत होतं, पण आत काही शिरत नव्हतं. निवेदिता बोलत राहिली. गटार दुसरीकडं वळवायला हवी, काठाला खत टाकणं थांबायला हवं, हौदाशेजारचा बंद पडलेला वाळूचा फिल्टर चालू करून आधी शेवाळ काढायला हवं, पावडर त्यानंतर. निघताना तिनं बजावलं, "पण पावडर बंद करायची नाही हं, काका. तो धोका फार पुढचा आहे. पावडर नसली तर माणसं आजच्या आज मरतील."

"व्हय, व्हय," कुंडलिक म्हणाला. त्याला समजलं असं तिला वाटलं.

त्याला एकच गोष्ट समजली होती. सोजरबाई त्याच्याच हातानं गेली होती. कॅन भरताना पाण्यात पावडर नीट पडली आहे ना, हेसुद्धा त्यानं दर खेपेला बघितलं होतं.

तो धोंडीरामकडं गेला. ओट्यावर माणसं बसली होती. गटार वळवा, फिल्टर चालू करा, असं कानावर पडलेलं तेवढं त्यानं चाचरत सांगितलं. गटार धोंडीरामच्याच आळीची होती.

"तू आता शास्त्रज्ञ झालास व्हय रं?" धोंडीराम म्हणाला आणि सगळे हसले. "बायकू गेल्यापासून डोकं ठिकाणावर न्हाय तुझं. हिरवा वास मारतोय पाण्याला. जा, दोन डबडी जास्त टाक."

कुंडलिक टाकीवर गेला. बादलीत पावडर कालवली. काठाशी उभा राहून बराच वेळ त्या पांढऱ्या पाण्याकडं बघत राहिला आणि मग त्यानं बादली खाली मातीत ओतून दिली.

त्या दिवसापासून टाकीत पावडर पडली नाही. आरोग्य केंद्राची बाई नळाचं पाणी तपासायला यायची. नळीत थेंब टाकून पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. ती येणार असल्याचं आधी कळायचं. त्या सकाळी कुंडलिक मूठभर पावडर टाकायचा आणि नळीत पिवळा रंग यायचा.

गाव खूश होतं. "कुंडलिक, काय केलंस रं? पाणी लई गोड लागतंय, पहिल्या आडासारखं," बाया हंडे भरताना म्हणायच्या. बायको गेल्यापासून त्याला पहिल्यांदाच झोप लागायला लागली. नात सृष्टी शाळेतून धावत येऊन माठातला तांब्या घटाघटा रिकामा करायची आणि तो समाधानानं बघत बसायचा. हिला तरी आपण वाचवली, असं त्याला वाटायचं.

त्याच उन्हाळ्यात, वैशाखात गावची जत्रा भरली. बाहेरून आलेली माणसं तळ्याच्या काठानं उतरली. तिथंच चुली पेटल्या, तिथंच अंघोळी झाल्या, आणि सकाळी काठाला घाणीमुळं पाय ठेवायला जागा उरली नाही. जत्रा उठली आणि वरच्या आळीत दोन म्हातारी माणसं जुलाब-उलट्यांनी आडवी झाली. जत्रेचं मटण बाधलं असेल, लोक म्हणाले. मग खालच्या आळीतूनही माणसं दवाखान्यात न्यायची वेळ आली. एका घरातून तर आई आणि लेक एकाच जीपमधून गेल्या.

कुंडलिकला कळलं. तो टाकीवर पळाला. हातांनी पावडर उपसून टाकीत टाकली, पाणी ढवळलं, डोळ्यांतून धारा लागेपर्यंत. पण सकाळचं पाणी केव्हाच घरोघरी पोचलं होतं.

घरी आला तर सृष्टी अंथरुणावर होती. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. अपेक्षा तिला उशाशी बसून वाटीनं पाणी पाजत होती.

"कवापासनं?"

"सकाळपासनं. दहा-बारा वेळा झालं, मामा. पोटात काय ठरंना. रेडिओवर सांगत्यात तसं मीठ-साखर कालवून देतेय सारखं."

"पाणी कुठलं घेतलंस?"

"आपलंच की. सकाळी भरलेलं."

कुंडलिकनं वाटी हिसकावून घेतली. अपेक्षा बघतच राहिली. त्याचा मुलगा युवराज गाडी घेऊन आला. वेळापूरच्या रस्त्याला लागल्यावर सृष्टीनं आजोबाच्या मांडीवर मान टाकली. "आबा, पाणी," एवढंच म्हणाली. कुंडलिककडं पाणी नव्हतं. असतं तरी त्यानं दिलं नसतं. दवाखान्याच्या दारात डॉक्टरनं तिची पापणी उघडून बघितली आणि युवराजच्या खांद्यावर हात ठेवला.

सृष्टीच्या मातीहून परत आल्यावरही कुणाला कुंडलिकचा संशय आला नव्हता. उलट लोक त्याच्याजवळ येऊन बसत होते. धोंडीरामसुद्धा आला. "पोरगी लई गुणाची हुती रं," म्हणाला. अपेक्षा भिंतीला टेकून बसली होती. अचानक तिनं विचारलं, "मामा, तुमी वाटी का हिसकली?"

ती सरळ त्याच्याकडं बघत होती.

"तुमाला आधी कसं कळलं, पाणी वाईट हाय म्हणून?"

कुंडलिकला खोटं बोलता आलं असतं. ते त्याला सुचलंच नाही.

"मी पावडर टाकत नव्हतो," तो म्हणाला. "तुझी सासू त्या पावडरीनं गेली. हिला वाचवाय बघत हुतो."

अपेक्षा रडली नाही. युवराज उठला, बापाच्या दंडाला धरून त्यानं त्याला उभं केलं आणि दाराबाहेर नेऊन सोडलं. आतून कडी लावली. धोंडीरामला मात्र एकदम हुरूप आला. अंगणातच तो मोठ्यानं म्हणाला, "बघा! ह्यानं गाव मारलं! गटारीचं नाव घेत हुता माझ्या तोंडावर!"

पोलिसांनी कुंडलिकला नेलं, काही दिवसांनी तो जामिनावर सुटला. गावानं सभा घेऊन त्याला कामावरून काढलं. त्या सभेत गटारीचा विषय निघाला नाही. नवीन माणूस टाकीत इतकी पावडर टाकतो की तोंड धुताना डोळे झोंबतात. गावाला आता तोच वास हवासा वाटतो. तळं हिरवंच आहे.

निवेदिताला बातमी कळली तेव्हा ती आली. कुंडलिक गोठ्यात राहत होता.

"मी सांगितलं होतं ना काका, बंद करू नका म्हणून?"

"सांगितलं हुतंत, ताई."

मग त्यानंच विचारलं, "सोजरला त्यानंच झालं हुतं न्हवं?"

"तुमच्या पाण्यात उन्हाळ्यात ती रसायनं जास्त होती, हे खरं. पण काकूंना कशानं झालं, ते कुणीच सांगू शकणार नाही. ना मी, ना डॉक्टर. कदाचित त्याचा काही संबंधही नसेल."

"संबंध नसंल?"

"नसेलही."

कुंडलिकनं मान खाली घातली. निवेदिता खोटं बोलली असती तर त्याला जगायला काहीतरी उरलं असतं. ती खोटं बोलणारी नव्हती.

अपेक्षा कायमची माहेरी माळशिरसला निघाली त्या सकाळी तो फाट्यावर आधीच जाऊन थांबला होता. ऊन चढलं होतं. त्यानं चुलीवर उकळून, गार करून, फडक्यानं गाळून बाटली भरून आणली होती.

"उकळलेलं हाय," तो म्हणाला. "वाटंला लागंल."

अपेक्षानं बाटली घेतली. झाकण काढलं, बाटली उपडी केली आणि सगळं पाणी त्याच्या पायांवर सांडून संपेपर्यंत तशीच धरून राहिली. रिकामी बाटली त्याच्या हातात दिली. एसटी आली तशी ती चढली आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली.