चुन्याची रेघ

यवतमाळहून निघालेल्या एसटीने मला पुसदच्या अलीकडे एका छोट्या शहरात उतरवलं. शहराचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांना पुढेही तिथेच राहायचंय.

पुण्यातल्या एका शिबिरात ओळख झालेल्या सुमनबाई स्टँडवर घ्यायला आल्या होत्या. त्यांचा बंजारा तांडा पूर्वी शहराबाहेर होता. आता शहर वाढत त्याच्यापर्यंत आलंय आणि मध्ये ले-आउट (नवी प्लॉटवस्ती) झालाय. तांड्याच्या वाटेवर आडवी चुन्याची रेघ मारलेली दिसली.

"इथं ले-आउटवाल्याईची भीत येऊन राह्यली," सुमनबाई म्हणाल्या. "मांगच्या पावसाळ्यात माह्या जावेले बाजेवर टाकून याच वाटेनं दवाखान्यात नेलतं. फेरा पडला असता तं वाचली नसती."

भिंतीवर निर्णय घ्यायला नगरपंचायतीने त्याच दुपारी वॉर्डसभा बोलावली होती. घरी बाटी (भाकरी) आणि ठेचा पुढ्यात आला. पहिल्याच घासाला मला ठसका लागला, पण हसायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं.

सभेत ले-आउटवाले खुर्च्यांवर, तांडा मागे सतरंजीवर. चोऱ्या, वर्दळ, कचरा. खुर्च्यांवरचे एकेक जण बोलून घेत होते. तांड्याचे नाईक, म्हणजे सुमनबाईंचे सासरे, शांतपणे ऐकत होते.

"तुम्ही कोणी बोलत का नाही?" मी सुमनबाईंच्या कानात कुजबुजलो.

"नाईक सगळ्याईचं आयकून शेवटी बोलतेत. त्याईच्या आंधी आमी कसं बोलाव?"

सभा चालवणाऱ्या अधिकाऱ्यांना हा रिवाज कुठला माहीत! त्यांनी घड्याळ पाहिलं. "कुणाची हरकत दिसत नाही. एकमताने मंजूर, लिहा."

कारकुनाने पेन उचललं. नाईक अजून उठतच होते.

"काहून लिवता साहेब?" डोक्यावरचा पदर पुढे ओढत सुमनबाई ताडकन उभ्या राहिल्या. "आमचं बोलनं अजून सुरूच नाही झालं. माही हरकत हाय!"

सासऱ्यांसमोर सून बोलली होती. सतरंजीवरच्या सगळ्या माना नाईकांकडे वळल्या. नाईकांनी सुनेकडे पाहिलं आणि मग ते कारकुनाकडे वळले.

"सून म्हंते तसं लिवा. मले वेगळं सांगाचं नाही."

हरकत नोंदवली गेली आणि ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबला. परतताना मी मुद्दाम त्या रेघेवरून चाललो.

पुण्यात आमच्या सोसायटीचं मागच्या वस्तीकडे उघडणारं फाटक असंच बंद झालंय. ते ठरलं त्या बैठकीत मी चहा पीत बसलो होतो. इतिवृत्तात लिहिलंय, एकमताने. परत येऊन घरी बॅग टाकली आणि तडक सोसायटीच्या सचिवांकडे गेलो.

"त्या फाटकाबद्दल हरकत नोंदवायचीय."

ते चकित झाले. "तेव्हा तर तुम्ही काहीच बोलला नव्हता."

"हो," मी म्हणालो, "तेही लिहून घ्या."