घट्ट झाकण

वहिनी प्रयोगशाळेत बाटल्या धुवायच्या कामाला लागली आणि आमच्या आईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"तिथे म्हणे उकळत्या आम्लात जगणारे जंतू वाढवतात! ते आपल्याला काय सोडणार? घरात तान्हं लेकरू आहे, बाई!"

"अहो आई, त्यांना ऐंशी अंशांची ऊब लागते. आपलं अंग म्हणजे त्यांना बर्फच. तिथल्या मॅडमनीच सांगितलंय."

"मॅडमच्या घरी पाळणा हलतोय का?"

 एरवी वहिनी म्हणजे पाल हातानं हुसकणारी बाई, पण आता बाळाला घेताना श्वास रोखायची.

त्या जंतूंना हवा लागते. म्हणून गरम पाण्याच्या टाकीतल्या बाटल्यांची झाकणं सैलच ठेवायची, हा तिथला पहिला नियम. पण एका संध्याकाळी निघताना वहिनीनं डोंगरातल्या आम्लाच्या झऱ्याच्या पाण्याची, त्या जंतूंची बाटली करकचून बंद केली. काही बाहेर यायला नको!

सकाळी मॅडम टाकीवर वाकल्या. चष्मा कपाळावर. "बघू, आमची पिल्लं किती वाढली!"

त्यांचा हात झाकणाकडे गेला आणि वहिनीला कालचं झाकण आठवलं. आत कोंडलेली वाफ, तापलेलं आम्ल, वर मॅडमचे उघडे डोळे.

"हात नका लावू!"

"का गं?"

"मी... झाकण घट्ट लावलंय."

"किती घट्ट?"

"जीव खाऊन."

दोघी मागे सरून भिंतीला चिकटल्या. टाकीचं बटण नेमकं बाटलीच्या शेजारी.

"बंद केलं तर तुमचे जंतू..."

"मरू देत. आधी आपण वाचू," मॅडम पुटपुटल्या. पाऊल मात्र दोघींचंही उचलेना.

शेवटी वहिनीच सरकली. तोंड फिरवलं, हात लांब केला, बटण दाबलं. आणि टक्! काच तडकली. फवारा उडाला, बाहीवर चार थेंब. मॅडमनी तिला ओढत नळाखाली नेलं.

संध्याकाळी आई दारातच उभी. "अंगावर काही आणलं नाहीस ना?"

तिच्या कडेवरून बाळानं हात पसरले. वहिनीनं बाही पाहिली. धुऊनही राहिलेल्या आम्लानं वाळता वाळता कापडाला टाचणीएवढी भोकं पडली होती.

"तुम्हीच धरा त्याला. आंघोळ करून येते."

"बघ! म्हटलं नव्हतं, जंतू..."

"जंतूंचं नाही हो, आई. मला माझ्याच हातांची भीती वाटतेय."

 बाळाला छातीशी आवळून आई एक पाऊल मागे सरली.