मीठवाल्यांच्या बाईसाहेब

सदर इसम कीड-नियंत्रण खात्यात कनिष्ठ निर्मूलन सहाय्यक या पदावर कार्यरत असून निवृत्तीस टेकलेला आहे. वर्तणूक समाधानकारक. अवलंबून व्यक्ती : पत्नी, एक, अंथरुणाला खिळलेली. व्यसन : निरंक. घरातील पाळीव प्राणी : निरंक.

हुद्दा भारदस्त असला, तरी काम एवढंच, की लोकांच्या बागांतून मुठीएवढ्या शंखी गोगलगायी वेचायच्या आणि मिठाच्या पिंपात टाकायच्या. खात्यात त्यांना सगळे ‘मीठवाले’ म्हणत. पिंपात फेस यायचा. तो खाली बसेपर्यंत मीठवाले दुसरीकडे बघत.

अर्धांगवायूनं बायकोची डावी बाजू गेली, तेव्हा तिला टीव्हीसुद्धा सोसेना. चित्रं फार पळतात, म्हणायची. तिच्या डोळ्यांना झेपेल अशा वेगाचं मीठवाल्यांच्या ओळखीत एकच होतं. ते त्यांनी एका संध्याकाळी जेवणाच्या डब्यातून घरी आणलं. माशांची जुनी काचपेटी, ओली माती, कोबीचं पान, कवच टणक राहावं म्हणून अंड्याच्या टरफलांचा चुरा. बायकोनं नाव ठेवलं, बाईसाहेब.

“अहो, या लवकर! बाईसाहेब काकडीपर्यंत पोचल्या!”

निघालेल्या सकाळी असायच्या. इतकं कौतुक त्या घरात जावयाच्या बढतीचंही झालं नव्हतं.

बाईसाहेब शेकड्यांनी अंडी घालत. ती उकळून मगच टाकायची, हे मीठवाल्यांना पाठ होतं. पण बायको इस्पितळात असताना त्यांनी घाईत पेटीतली माती तशीच इमारतीमागच्या कुंपणाशी ओतली. पुढच्या हंगामात कुंपणाला पान उरलं नाही आणि भिंतींवर गोगलगायी चढू लागल्या. खात्याचं पथक पाहणीला आलं.

“काय हो मीठवाले, काम घरी न्यायला कुणी सांगितलं होतं?” साहेबांनी विनोद केला. पथक हसलं. मीठवालेही हसले. “कुणीतरी पाळलीय इथं, आणि ही पाळणं गुन्हा आहे. उद्या घरोघर तपासणी. सापडेल त्याला आत टाकतो, मग तो कुणी का असेना.”

आपण आत गेलो तर बायकोची कूस कोण बदलणार, एवढाच प्रश्न होता.

दुपारी तिचा डोळा लागल्यावर त्यांनी बाईसाहेबांना फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. मीठ वापरलं नाही. तेवढी सवलत घरच्या माणसाला. नंतर शंख आतून स्वच्छ केला. कोरड्या दिवसांत गोगलगायी शंखाचं तोंड पांढऱ्या पडद्यानं बंद करून महिनोन् महिने झोपतात. त्यांनी डिंकात खडूची पूड कालवून तसाच पडदा लावला आणि शंख पेटीत ठेवला.

“झोपल्या वाटतं,” बायको उठल्यावर म्हणाली.

“झोपल्या.”

दुसऱ्या दिवशी पथक आलं. साहेब पलंगाशेजारच्या पेटीपाशी थांबले.

“हे काय?”

“रिकामा शंख आहे, साहेब. शोभेचा.”

मीठवाल्यांचा आवाज कापला नाही. खरं बोलताना तो कापत नसे. साहेबांनी शंख तळहातावर तोलला. हलका लागला. त्यांनी तो परत ठेवला.

दार लागलं तसा पलंगावरून विचित्र आवाज आला. मीठवाले धावले. बायको अर्ध्या तोंडानं हसत होती, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

“काय थाप मारलीत हो! जन्मभर साहेबांपुढे मान खाली घालून उभे राहिलात, आणि आज माझ्यासाठी...”

मीठवाले चादरीचं टोक नीट करत राहिले.

“गेले ना सगळे? आता उठवा त्यांना. पाणी मारलं की उठतात, तुम्हीच सांगितलं होतंत.”

“राहू दे. उद्या बघू.”

“अहो, मारा ना! मला बघायचंय.”

त्यांनी पेटी पलंगाजवळ ओढली, फवाऱ्याची बाटली घेतली आणि पाणी मारलं. दोघंही बघत राहिली.

डिंक पाण्यात विरघळतो.