माझ्याच आवाजात

माझी मुलगी बावीस वर्षांची आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका सकाळी तिने हॉस्टेलवरून फोन केला. म्हणाली, "आई, दाराबाहेर कोणीतरी सारखं माझं नाव घेतंय. दार उघडलं की कोणीच नसतं." त्याच दिवशी तिचे बाबा जाऊन तिला कर्जतला घरी घेऊन आले. त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. कॉलेज सुटलं ते सुटलंच.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. मी शाळेत गणित शिकवते. मला कोष्टक आखता येतं, तेच मी केलं. झोप किती तास, जेवण किती, सकाळची गोळी, रात्रीची गोळी, सगळ्यापुढे बरोबरच्या खुणा. गोळी दिल्यावर मी म्हणायची, "आ कर. जीभ वर कर." ती मुकाट्याने आ करायची. गोळ्यांनी ती जाड झाली, चालणं संथ झालं, बोलणं जवळजवळ बंद. "आवाज येतात का गं अजून?" असं विचारलं तर "येतात," आणि "काय म्हणतात?" असं विचारलं तर "काही नाही." पुढे मीही विचारायचं सोडलं. मला वाटायचं, आजार मला समजला आहे.

आधी आम्ही खोपोलीला एका खासगी डॉक्टरांकडे जायचो. ते गाव सोडून गेले, तेव्हापासून सरकारी दवाखान्यात जायला लागलो. मनोविकाराच्या डॉक्टरीणबाई तिथे महिन्यातून एकदा येतात, आणि त्या दिवशी बाकांवर जागा मिळत नाही.

गेल्या चैत्रातली गोष्ट. आमच्या शेजारी एक ठाकर बाई येऊन बसली, बरोबर तिची अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. घाटातल्या ठाकूरवाडीच्या खालच्या अंगाला त्यांची वाडी आहे, तिथून पहाटेच चालत निघाल्या होत्या. त्या मुलीने दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले होते आणि वरून ओढणी घट्ट बांधली होती. थोड्या वेळाने बाईने मला विचारलं, "तुमच्या पोरीलाबी असंच हाय का गं ताई?"

"नाही नाही," मी म्हणाले. "तिला जरा डोकेदुखी आहे."

इतकी वर्षं मी हेच सांगत आले होते. शाळेत, नात्यात, शेजारी. तोंडात बसलेलं वाक्य होतं ते.

"मला आवाज येतात, मावशी," माझी मुलगी म्हणाली.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती त्या बाईकडे वळून बसली.

"कापसाने नाही थांबत ते. मी पण घालून बघितला होता. बाहेरून येत नाहीत ना."

"मंग कुठून येतात?"

"ते नाही माहीत. पण अगदी खरे वाटतात. तुम्ही आत्ता बोलताय ना, तसेच. माझे तीन आहेत. एक म्हातारा आहे, तो नुसता मोजत असतो. एक बाई हसते. आणि तिसरा आईचा."

"कुणाच्या आईचा?"

"माझ्या. हिचाच. आवाज हुबेहूब हिचा. तो सांगतो, गोळीत विष आहे, घेऊ नकोस. आणि त्याच वेळी ही समोर गोळी घेऊन उभी असते."

दवाखान्यात तेव्हा केवढा गलका होता. नंबर पुकारत होते, कुणाचं तान्हं रडत होतं. मला त्यातलं काही ऐकू येईना.

बाईने पदर तोंडाला लावला. "अगं माझे बाय. मंग तू घेतेस कशी?"

"हात बघते," ती म्हणाली. "हिच्या बोटांना खडू लागलेला असतो, नाहीतर कणीक. आवाजाला हात नसतात ना, मावशी. म्हणून हातातून घेते."

मग तिने त्या बाईला समजावून सांगितलं, पाचवीच्या मुलाला सांगावं इतकं सोपं करून. तुमच्या मुलीशी लांबून बोलू नका. पाठीमागून हाक मारू नका. आधी समोर या, तुमचं तोंड दिसू द्या आणि मग बोला. नाहीतर कुठली हाक तुमची आणि कुठली त्यांची, हे तिला शोधत बसावं लागतं, आणि त्यात फार दमायला होतं.

मी तीन वर्षं स्वयंपाकघरातून हाका मारत आले होते. जेवायला ये गं. दार लाव गं. दर हाकेला ती दचकायची आणि मी कोष्टकात लिहायची, 'दचकते'.

एवढ्यात त्या मुलीने ओढणीची गाठ सैल केली. कापूस काढला नाही, पण माझ्या मुलीकडे रोखून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझा बा बोलतो. मेलाय तो."

"अच्छा," माझी मुलगी म्हणाली, जणू कुणी आपल्या गावाचं नाव सांगावं आणि ते ओळखीचं निघावं.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाहिलं. तोवर दर वेळी मीच बोलायची. ही झोपते, ही जेवते. त्या दिवशी मी म्हणाले, "तिलाच विचारा," आणि बाहेर येऊन उभी राहिले.

त्या रात्री मी गोळी तिच्यासमोर धरली. तिने गोळी घेतली, पाणी प्यायली आणि सवयीने आ केला. मी म्हटलं, "राहू दे." नंतर अंथरुणावर पडून मी हिशेब केला, दुसरं काही सुचेना म्हणून. दिवसाला दोन, तीन वर्षं. दोन हजारांहून जास्त वेळा तिच्या आईने तिला सांगितलं होतं की हे विष आहे, आणि दोन हजारांहून जास्त वेळा तिने ते माझ्या हातून घेऊन गिळलं होतं. मी मात्र जिभेखाली बघत होते. एवढं धैर्य मी आयुष्यात दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही. ते माझ्या घरात, माझ्यासमोर, गाऊन घालून बसलेलं होतं आणि मी त्याच्यापुढे बरोबरची खूण करत होते.

सगळं सुरळीत झालं असं नाही. श्रावणात पंधरा दिवस फार वाईट गेले. तिने जेवण सोडलं, अंघोळ सोडली, एकदा माझा हातही झिडकारला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बदलल्या. मी एवढंच केलं की प्रत्येक वेळी तिच्यासमोर जाऊन खाली बसले, तिने माझ्याकडे पाहीपर्यंत थांबले आणि मग बोलले. हळूहळू ती सावरली. दवाखान्यात त्या दोघी मुली आता शेजारी बसतात. फारशा बोलत नाहीत. भादव्यात त्या मुलीच्या एका कानातला कापूस गेला, दुसऱ्यातला अजून आहे.

दिवाळीनंतर त्या बाईने आम्हाला वाडीवर जेवायला बोलावलं. पळसदरीला गाडीतून उतरून आम्ही पायवाटेने चढायला लागलो. भात कापून झालं होतं, खाचरांत नुसती खुंटं. माझी मुलगी दर शंभर पावलांवर थांबत होती, घामाने निथळत होती. मी दोनदा म्हटलं, परत जाऊ या. ती मान हलवून पुन्हा चालायला लागायची. एका दगडावर टेकलो तेव्हा मी तिच्यासमोर येऊन, तिच्या डोळ्यांत बघून विचारलं, "आत्ता येतायत का?"

"येतायत की," ती धापा टाकत म्हणाली. "पण चढावर त्यांनाही धाप लागते."

ती हसली, आणि मीही. वरून त्या मायलेकी आम्हाला बघायला उतरून येत होत्या. मुलगी पुढे होती. आमच्या अगदी समोर येईपर्यंत तिने तोंड उघडलं नाही. समोर आली, उभी राहिली, माझ्या मुलीने मान वर करून तिला नीट पाहिलं. मग ती म्हणाली, "चल गं. भाकरी झाल्यात."