पायांवर ओतलेलं पाणी

माझ्या आईनं मला त्या वर्षी दोनदा डागलं. विळा चुलीत लाल करून कमरेवर टेकवला की पायात शिरलेलं वारं निघून जातं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मला धरायला शेजारच्या दोघी यायच्या. त्यातल्या एकीच्या दंडाला मी कडकडून चावले. तो वण ती मरेपर्यंत लोकांना दाखवत फिरली.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी माझे पाय फितूर झाले होते. चालता चालता गुडघे मिटायचे, बोटांना मुंग्या यायच्या, एका डोळ्यापुढं धूर असायचा. सासरच्यांनी मला बैलगाडीत घालून वैनगंगेकाठी आईच्या दारात उतरवून दिलं. रोगाचं नाव मल्टिपल स्क्लेरॉसिस, हे नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं तेव्हा माझे केस पिकले होते. पाय गेले त्या काळी आमच्याकडे कुणी त्याला आळस म्हणे, कुणी करणी म्हणे, आणि दोन्हींवर औषध एकच, मार.

एक गोष्ट मात्र मी माझ्या अकलेनं शोधली होती. ऊन चढलं की पाय मरायचे आणि थंड पाण्यात बसलं की परत यायचे. म्हणून उजाडायच्या आत मी घरामागच्या नदीत छातीभर पाण्यात बसायची आणि ओलं लुगडं अंगावर तसंच ठेवून कामाला लागायची. शेण काढायची, धान कांडायची, बांधावरून घसरत का होईना, धानाच्या रोवणीला जायची. एकदा बसले तर कायमची बसेन, ही भीती मला तापलेल्या विळ्याहून मोठी होती.

एकोणीसशे सत्तावन्न साली उन्हाळ्यात तापाची साथ आली. ती आगबोटीतून आली म्हणे. आमच्या जंगलातल्या गावात आगबोट कुणी पाहिली नव्हती, पण ताप बरोबर पोचला. पहिला माणूस नदीवर अंघोळ करून आला आणि दुसऱ्या दिवशी गेला. झालं, नदीचं थंड पाणीच ताप आणतं असं ठरवून पंचांनी नदी बंद केली. मी गेलेच. घाटावर राखणीला बसलेल्या तिघांनी मला झिंज्या धरून बाहेर ओढलं आणि चिंचेच्या फोकांनी पाठ सोलून काढली.

आई धावत आली. मला फरफटत घरी आणून तिनं आणखी चार ठेवून दिल्या आणि बैलाच्या दाव्यानं खांबाला बांधलं.

"दुसऱ्याच्या हातून मरशीन, त्यापक्षा इथीच बसून राह्य."

वर कौलं तापलेली, समोर चूल. पाय आधी बधिर झाले, मग आपले आहेत हेच कळेना. मी आईला मिळतील त्या शिव्या दिल्या. तीही काही कमी नव्हती. मग एका सकाळी तिचा आवाज आला नाही. ती कोपऱ्यात वाकळ पांघरून तापानं थडथडत पडली होती. शेजारणींना हाका मारल्या, तर त्यांनी दारं लावून घेतली.

दाव्याची गाठ मी दातांनी सोडवली आणि सरपटत पाण्याच्या गुंडापाशी, म्हणजे घागरीपाशी, गेले. तळाशी थोडंच पाणी उरलं होतं.

"पाणी दे वं पोरी," आई म्हणाली.

मी गुंड उचलला आणि सगळं पाणी स्वतःच्या मांड्यांवर, पायांवर ओतलं. तेवढं पाणी तिला पुरलं नसतं, आणि मी उठले नसते तर दोघी तिथंच मेलो असतो. रागही होता, खोटं कशाला बोलू.

"मी मरून राह्यली अन् तू आंघोळ करून राह्यली?" तिनं उशाशी पडलेला पितळी गडवा फेकून मारला. माझी भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं तसं मी भिंत धरून उभी राहिले.

रिकामा गुंड कमरेवर घेऊन, पडत-उठत मी घाटावर पोचले. ते तिघं काठ्या घेऊन उठले.

"मायच्या तापात लोळून आली मी," मी म्हटलं. "ज्याले मरायचं हाय त्यानं हात लावा."

तिघंही मागं सरकले. मी भर दिवसा, त्यांच्या देखत, पाय परत येईपर्यंत नदीत बसले आणि गुंड भरून घरी आणला.

आई घटाघटा प्यायली. मग हात उचलून तिनं माझ्या गालावर चापट मारली. त्या मारण्यात जोरच नव्हता. फोकांनी पाठ फुटली तेव्हा मी रडले नव्हते, त्या चापटीनं मात्र हमसून हमसून रडले.

ती जगली. काही दिवसांनी एका सकाळी, ती उठायच्या आत चूल पेटवावी म्हणून मी घरातच रेंगाळले होते. पाठीत असा धपाटा बसला की मी चुलीवरच जायची.

"उन्हं चढली अन् तू इथीच? नदीवर काऊन नाई गेली?"

पाठ झणझणत होती. माझा जीव भांड्यात पडला.