साध्या पाण्याचा रंग

आमच्या घरात एकही शर्ट धड नाही. निळ्यावर पांढरे ठिपके, काळ्यावर तांबडे. क्लोरीनची पावडर जिथे उडेल तिथला रंग खाते. कामाचे कपडे वेगळे ठेवा म्हणून मी चोवीस वर्षं कानीकपाळी ओरडतेय, पण ऐकतील तर आमचे हे कसले! लोकांच्या बंगल्यांतले पोहायचे तलाव सांभाळायचे, हा ह्यांचा धंदा. एकूण सात बंगले. पाचोळा काढायचा, फिल्टर धुवायचा आणि मुख्य म्हणजे पाण्यातलं क्लोरीन बेतात ठेवायचं. कमी पडलं की जंतू माजतात, जास्त झालं की डोळे चुरचुरतात.

ते बघायची रीत अगदी सोपी. बोटभर काचेच्या नळीत तलावाचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे पाच थेंब टाकायचे, की पाणी पिवळं होतं. एका पट्टीवर पिवळ्याच्या पाच छटा छापलेल्या असतात, फिक्यापासून गडदपर्यंत. आपलं पाणी कितव्या छटेशी जुळतं ते बघून पावडर टाकायची. ह्याचा ह्यांना केवढा तोरा! आता आकडा दाखवणारं मशीन मिळतं, असं कोणी सुचवलं की हे नाक मुरडणार. मला डोळे आहेत म्हणे.

यंदा ह्यांचा खांदा धरला, म्हणून पावडरचा डबा उचलायला मी सोबत जाऊ लागले. तिसऱ्याच दिवशीची गोष्ट. एका बंगल्यातली सहा वर्षांची मुलगी पोहायला शिकत होती. पण त्या दिवशी ती कानात कापूस घालून, तोंड फुगवून पायरीवर बसलेली. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा कान फुटला होता. तलावाचं पाणी ठीक आहे ना, असं डॉक्टर विचारत होते, हे तिच्या आईने सांगितलं. ह्यांनी लगेच नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, पट्टीला लावून बघितलं आणि ऐटीत म्हणाले, तिसरी छटा, एकदम बरोबर.

मी बाजूलाच होते. मला ते पाणी जेमतेम पिवळं दिसलं. म्हटलं, आपल्याला काय कळतंय यातलं. पण नळी विसळताना तलावाच्या कडेला माझा हात लागला, तर आतून बुळबुळीत. फिल्टरच्या मोटारीच्या खोलीत गेल्यावर मात्र राहवेना. तिथल्या नळाचं पाणी मी नळीत भरलं, थेंब टाकलेच नाहीत आणि गुपचूप ह्यांच्या हातात दिलं.

ह्यांनी नळी उजेडात धरली. डोळे बारीक केले.

"तिसरीच. किंचित जास्तच म्हण. आज पावडर नको."

कुठून ही अवदसा आठवली असं झालं. पण आता बोलणं भाग होतं. म्हटलं, अहो, हे नळाचं पाणी आहे, नुसतं.

हे उपड्या बादलीवर बसले. मग एकेक बाहेर पडलं. दोन-अडीच महिने सगळंच पिवळट दिसतंय, पट्टीवरच्या छटा एकमेकींत मिसळतात, अंदाजाने चालवलंय. लोकांना कळलं तर कामं सुटतील, म्हणून मलासुद्धा बोलले नाहीत. मी अशी भडकले म्हणता! आणि भडकता भडकताच, खोटं कशाला सांगू, मीच म्हटलं की उद्यापासून रंग मी बघत जाईन, पावडर तुम्ही टाका, कोणाला पत्ता लागणार नाही.

ह्यांनी हातातली नळी पालथी केली. "आणि तिचा कान?" एवढंच म्हणाले.

मग उठून बाहेर गेले आणि मुलीच्या आईला सगळं सांगून टाकलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. अंघोळीनंतर कान नीट पुसत नाहीस म्हणून मी हिलाच रागावत होते, असं म्हणाली आणि मोटारीच्या खोलीची किल्ली मागून घेतली. उद्यापासून येऊ नका. तिचं काय चुकलं? मीही तेच केलं असतं.

गेटबाहेर पडल्यावर हे वळले. "मॅडम, लिहून घ्या," म्हणाले. तिला वाटलं असावं की आता गयावया करणार. पण हे सांगू लागले, की पावडर आधी बादलीभर पाण्यात विरघळवायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही, ऊन उतरल्यावर टाकायची, मोटार रात्रभर चालू ठेवायची आणि सकाळी तिसरी छटा दिसल्याशिवाय कोणालाही उतरू द्यायचं नाही. ती आत जाऊन पेन्सिल घेऊन आली. किती मापं, तेही तिने विचारून घेतलं.

म्हटलं, आता घरी चला. तर नाही! फुटपाथच्या कठड्यावरच बसले आणि उरलेल्या सहा बंगल्यांचे नंबर मला लावायला लावले, कारण फोनवरचे आकडेही धड दिसत नव्हते. इतके दिवस लपवलंत ते लपवलंत, आता तासाभराने काय बिघडणार होतं? मला राग येत होता, रडूही येत होतं. दोघांनी ऐकून घेतलं, एकाने वाट्टेल ते सुनावलं, दोघांनी मध्येच फोन ठेवला. शेवटच्या बंगल्यातल्या बाई म्हणाल्या, आत्ता नातवंडं पाण्यातच आहेत.

"आधी त्यांना बाहेर काढा," हे म्हणाले. "मी थांबतो."

आणि सगळी वर आली, असं त्या सांगेपर्यंत हे फोन कानाला लावून बसून राहिले.