विहाराच्या भिंतीवरची शॉकची पेटी

बदलापूरच्या डॉक्टरांनी आमच्या ह्यांचा रिपोर्ट बाजूला ठेवला. "अटॅकमधून वाचलेत, पण हृदय कमजोर झालंय. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन कधीही होऊ शकतं." म्हणजे हृदय रक्त ढकलायचं सोडून नुसतं थरथरत राहतं. माणूस बसल्या जागी कोसळतो. पहिल्या काही मिनिटांत शॉक मिळाला तरच आशा. तो देणाऱ्या मशीनला डिफिब्रिलेटर म्हणतात.

"यांना एकटं ठेवू नका. चार माणसांत बसू द्या," डॉक्टर म्हणाले.

आमच्या वस्तीतल्या, कॅम्प तीनमधल्या बुद्धविहारात ते मशीन आहे, असं मी तोऱ्यात सांगितलं. त्यांनाही नवल वाटलं.

आमच्या गल्लीतल्या साळवे आक्कांचे मालक विहाराच्या हॉलमध्येच, मीटिंग चालू असताना गेले. त्यांच्या स्मरणार्थ दुबईतल्या मुलाने ही पेटी पाठवली होती. खाली नावाची पितळी पाटी. आक्का दर पौर्णिमेला पेटीला झेंडूचा हार घालायच्या. आमचे हे रोज संध्याकाळी तिथेच कॅरम खेळायचे आणि मी घरी निर्धास्त भाकऱ्या थापायचे.

मग त्या मुलाचा कमिटीला फोन आला. कंपनीने ते मॉडेल रिकॉल केलंय, म्हणजे दोष निघाल्यामुळे परत मागवलंय. ऐन वेळी शॉक बसेलच असं नाही. नवं पाठवतो, जुनं काढा.

नवं आलं आणि कपाटात गेलं. जुनं काढायला आक्का तयार नव्हत्या. "मालकांचं नाव भंगारात देऊ काय?"

अध्यक्ष मला म्हणाले, "वहिनी, आता दोन-दोन मशीन आहेत. टेन्शन कायको?"

माझं डोकंच फिरलं. माणूस पडल्यावर कपाटाची किल्ली कोण शोधणार? जो तो भिंतीवरचीच पेटी ओढणार.

मी यांना विहारात पाठवणं बंद केलं. हे मोरीत जरा रेंगाळले की मी दार वाजवायचे. टीव्हीसमोर डोळा लागला की छातीकडे बघत उभी राहायचे. "आजाराने नाही, तुझ्या पहाऱ्याने मरेन," हे चिडून म्हणाले. मला रडू आलं.

पौर्णिमेला वंदना झाल्यावर आक्का हार बदलायला उठल्या. मी मदतीला गेले. जुना हार उतरवला आणि मागे बारीक लाल दिवा दिसला. तो हिरवा असायला हवा, हे मला डॉक्टरांकडून माहीत होतं.

"आक्का, हा लाल आहे."

"मग? लाल म्हणजे चालू ना? इस्त्रीचा असतो तसा."

"कधीपासून आहे?"

"पाऊस लागला तेव्हापासून असंल."

म्हणजे इतके महिने हे बंद पेटीखाली खेळत होते. मी आक्कांना सगळं सांगितलं. त्या हार हातात धरून खाली बसल्या.

"माझ्या माणसाच्या टायमाला भिंत रिकामी होती," त्या म्हणाल्या. "त्याचं नाव लावून मी परत रिकामीच ठेवली गं." मग अध्यक्षांना म्हणाल्या, "पेचकस आणा."

आता नवी पेटी भिंतीवर आहे. पाटी शेजारी लावलीय आणि हार फक्त पाटीला. तुमच्या सोसायटीत, मंदिरात असं मशीन असेल तर आज जाऊन त्याचा दिवा बघा.

हे पुन्हा कॅरमला जातात. माझी भीती गेलेली नाही, जाणारही नाही. रोज संध्याकाळी आक्का विहारातून परतताना आमच्या दाराशी थांबतात. "हिरवा हाय गं," एवढंच म्हणतात.

मग मी तव्यावर भाकरी टाकते.